चिमूटभर शेवाळ

रविवारी सकाळी भूमिकाचा फोन यायची वेळ झाली की यादोराव कटरे बैठकीतला दिवा मालवत. मग मोबाइल असा धरत, की त्यात त्यांचे अर्धे कपाळ, भिंतीवरचे कॅलेंडर आणि माशांच्या टाकीचा जेमतेम एक कोपरा दिसावा. तेवढा कोपरा त्यांनी आधीच ओल्या फडक्याने आतून पुसून ठेवलेला असे. उरलेली टाकी हिरवी झाली होती. काच हिरवी, दगड हिरवे, हवेची नळीही हिरवी. त्या हिरवेपणातून काळे मासे मधूनच डोकावत आणि पुन्हा दिसेनासे होत.

"बाबूजी, एवढा अंधार काऊन दिसून राहिला?"

"लाइन गेली."

"मागं पंखा त फिरून राहिला."

यादोरावांनी वळून पाहिले. पंखा खरोखरच फिरत होता. "एक फेज गेला," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून सुशिलाबाईंचा आवाज आला, "अन् दुसऱ्या फेजवर फोन चालू हाय."

यादोराव कृषी सहायक म्हणून निवृत्त होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीच्या घरी स्थिरावले होते. उभी नोकरी त्यांनी धानाच्या बांधावर काढली. तणाचे नाव सांगावे, त्यावरचा उपाय सांगावा, आणि शेतकऱ्याने तो केला नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा सांगावा, असे त्यांचे आयुष्य. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले, तेव्हा ती कुठल्यातरी कॉलेजात शिकवील असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. तिला नोकरी लागली ती कोकणात, खाडीकाठच्या कोळंबी केंद्रात. त्यावर यादोराव एकच वाक्य बोलले होते, "चिखलात उभं राहून झिंगेच मोजायचे होते त गोंदियात काय कमी तलाव आहेत?" भूमिकाने बॅग भरली. ती गेली त्या दिवशी ते स्टेशनवर गेले नाहीत. बोअरची मोटर बिघडली आहे असे कारण त्यांनी दिले होते, आणि ते खरे ठरावे म्हणून दुपारभर चांगली चालणारी मोटर उघडून बसले होते. त्यानंतर ती खरोखरच बिघडली.

भूमिका मागे ठेवून गेली ती ही टाकी. पाणी साधे नव्हते. खाडीच्या तोंडाशी नदी आणि समुद्र मिसळतात, तिथे असते तसे ते निमखारे होते. कॉलेजात असतानाच तिने काळ्या मॉली माशांची एक पिढी अशा पाण्यात वाढवली होती. त्यांतली काजळी तिची विशेष लाडकी. काजळीच्या पाठीवरच्या पराला एक खाच होती, तेवढ्यावरून ती ओळखू यायची. जाताना भूमिकाने मिठाची पिशवी आईच्या हाती दिली, खारटपणा मोजायची नळी दाखवली, आणि नळी आईला समजणार नाही हे ओळखून सांगितले, "वरणापेक्षा खारट, लोणच्याच्या पाण्यापेक्षा बरंच कमी." सुशिलाबाईंनी ते प्रमाण जिभेवर घेतले. बादलीत पाणी कालवायचे, बोट बुडवून चाखायचे आणि टाकीत ओतायचे, असा त्यांचा रिवाज सुरू झाला.

पहिले काही आठवडे भूमिका फोनवर फक्त आईशी बोलली. माशांचे विचारू लागली, तेव्हा सुशिलाबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. "याइलेच विचार. दिवसभर टाकीपुढंच बसून राहतात."

ते खरे होते. यादोराव खुर्चीवर बसले की मासे काचेपाशी गोळा होत आणि तोंडे उघडझाप करत. ज्या घराच्या दारातून भिकारीही उपाशी गेला नव्हता, त्या घरातल्या मालकाला हे बघवत नसे. भूमिकाने दिलेला खाद्याचा डबा लवकरच संपला. घरात कनकी होती. राइस मिलमधून निघणारी तांदळाची ती बारीक कणी गोंदियात कोंबड्यांना घालतात, गाईला घालतात, गरिबाच्या घरी तिची कण्हेरीही होते. ती माशांना का चालू नये? मासे तुटून पडत. यादोरावांना समाधान वाटे.

अशा रीतीने बाप आणि लेक बोलू लागले. पाणी किती बदलायचे, हवेचा पंप आवाज का करतो, माशाने दगडाला अंग घासले तर काय समजायचे. भूमिका सविस्तर सांगे, यादोराव सविस्तर विचारत. कधी कधी अर्धा अर्धा तास जाई. तिची खोली कशी आहे, ती वेळेवर जेवते का, तिथे तिला करमते का, हे प्रश्नही त्यांच्याजवळ होते. पण ते विचारायचे तर आधी त्या एका वाक्यावरून पाय टाकून पलीकडे जावे लागले असते, आणि तेवढी उडी त्यांना जमत नव्हती. माशांवरून मात्र सहज पलीकडे जाता येत होते. म्हणून टाकी बिघडली तर आपला रविवारच बिघडेल, हे त्यांना कोणी न सांगता कळत होते. त्यात एका रविवारी उत्साहाच्या भरात ते बोलून गेले होते, "तू होतीस तेव्हापेक्षा काच जास्त स्वच्छ आहे."

त्यानंतरच शेवाळ आले.

यादोरावांनी त्याच्याकडे तण म्हणून पाहिले. टाकीत औषध फवारता येत नव्हते. निंदण करून पाहिले, म्हणजे स्पंजने काच घासली. दोनचार दिवसांत ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. राहिला जैविक उपाय. तण खाणारा जीव त्या पाण्यात सोडायचा. शासनाच्या कितीतरी प्रशिक्षणांत त्यांनी हा विषय स्वतः शिकवला होता, तेव्हा यात अवघड काही असेल असे त्यांना वाटले नाही.

बाजारातल्या माशांच्या दुकानात त्यांनी गरज सांगितली.

"काई खाने वाला? सक्कर ले जाओ, अंकल. दिनभर कांच चाटता है."

"खारे पानी में चलेगा ना?"

"खारा मतलब? समंदर का पानी है क्या?"

"आधा समंदर."

दुकानदाराने हातातली जाळी खाली ठेवली. "अंकल, आधा समंदर होता नहीं. या तो है, या नहीं है."

"खाडी में होता है."

"गोंदिया में कौनसी खाडी?"

दुकानदारालाच दया आली. थोडे मीठ सगळ्याच माशांना मानवते, त्याने रोग येत नाही, असे सांगून त्याने एक सक्कर पिशवीत बांधून दिला. मासा दिसायला ओबडधोबड होता, तपकिरी, आणि त्याचे तोंड खालच्या बाजूला होते. सुशिलाबाईंनी त्याला बघून विचारले, "हा उलटा बनवला काय देवानं?"

टाकीत सोडताच सक्कर काचेला चिकटला आणि थोड्याच वेळात त्याने तळहाताएवढी जागा लख्ख केली. यादोरावांनी शेजारच्या कैलाश बिसेनला हाक मारून ती जागा दाखवली. संध्याकाळपर्यंत मात्र त्या जागेत भर पडली नाही. सक्कर तळाशी पडला होता, अंगावर पांढुरकी साय आली होती, कल्ले भराभर हलत होते. करपा पडलेले शिवार आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला जाणारा जीव ओळखू येतो. यादोरावांनी बाह्या सरसावल्या, मासा ओंजळीत धरला आणि परसातल्या भांडी घासायच्या टाक्यात, गोड्या पाण्यात सोडला. मग टाक्याच्या कडेवर ते अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

सकाळी सक्कर जिवंत होता. इतकेच नव्हे, टाक्याचा जुनाट बुळबुळीतपणा चाटत तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर निघाला होता.

"याले इथंच राहू द्या," सुशिलाबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं मी नारळाच्या शेंडीनं टाकं घासून राहिली, तवा कोनाले सक्कर सुचला नाही."

कैलाशला हा प्रकार कळला. कामठ्याकडे त्याची दोन एकर धानाची जमीन होती आणि तिच्या वरच्या अंगाला पाणी साठवायची एक लहानशी बोडी, घोंग्यांनी, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायींनी, भरलेली. "साहेब, माशाच्या भानगडीत नोका पडू," तो म्हणाला. "घोंगे टाका. आमच्या बोडीतल्या दगडावर नखाएवढा शेवार दिसत नाही."

"पण कैलाश, पाणी खारं आहे. सक्करची गत पाहिली ना तू?"

"सक्कर उघडा राहते. घोंग्याले दार राहते. पानी नाही आवडलं त दार लावून घेईल."

हा युक्तिवाद यादोरावांना शास्त्रीय वाटला. त्यांनी चारपाच घोंगे मागितले होते. कैलाश दुसऱ्या दिवशी घमेलेभर घेऊन आला, कारण शेजाऱ्याला मोजून देणे त्याला बरे वाटले नाही. आणि आणलेले परत पाठवणे यादोरावांना बरे वाटले नाही. सगळे घोंगे टाकीत गेले.

घोंग्यांनी कैलाशच्या म्हणण्याप्रमाणे दारे लावून घेतली.

"लाजून राहिले," कैलाश म्हणाला. "नवीन घर आहे."

दुसऱ्या दिवशीही ते लाजतच होते. यादोरावांनी त्यांना उभारी यावी म्हणून कनकीची एक मूठ जास्त टाकली. त्यानंतर घरात एक वास येऊ लागला. सुशिलाबाईंनी मोरी धुतली, उंदराच्या शोधात कपाटे सरकवली, उदबत्त्या लावल्या. वास उदबत्तीसकट बैठकीत फिरत राहिला. शेवटी त्या नाकाला पदर लावून टाकीजवळ आल्या आणि थांबल्या. पाणी दुधासारखे गढूळ झाले होते. घोंग्यांची दारे आता उघडी होती, आणि मासे वर येऊन हवेसाठी तोंडे वासत होते.

पुढचा सारा वेळ धावपळीत गेला. कैलाश घोंगे वेचून काढत होता, यादोराव पाणी उपसत होते, सुशिलाबाई अंगणात बादल्यांमागून बादल्या कालवत होत्या आणि चाखत होत्या. "अजून घाला मीठ," त्या म्हणत, "हे त निव्वळ वरण हाय." पाणी निवळू लागले तसे मासे हळूहळू खाली गेले. काजळी गेली नाही. ती पाण्याच्या वरच्या थरावर आडवी झाली होती. पराची खाच पंपाच्या हवेने हलत होती, आणि तिच्या अंगात तेवढेच हलत होते.

यादोरावांनी तिला जास्वंदीच्या झाडाखाली पुरले. कैलाश बाजूला हात पुसत उभा होता.

"साहेब, मी त मदतीले गेलो होतो."

"माहीत आहे रे."

"बोडीत कधी मेले नाहीत हो. एकही नाही."

"बोडी त्यांची होती, कैलाश," यादोराव म्हणाले, आणि खुरपे धुवायला आत गेले.

रविवारी दिवा मालवलेलाच होता.

"काजळी दिसत नाही, बाबूजी."

"झाडाखाली आहे."

टाकीत प्लॅस्टिकचे एक रोपटे होते. भूमिकाला ते वाटले असावे. उत्तर खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते यादोरावांना खोट्यापेक्षा जास्त टोचले. सांगून टाकावे असे त्यांच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात भूमिका म्हणाली की तिला सुटी मिळाली आहे, ती दिवाळीला येते आहे आणि त्यानंतर कामठ्याला भरणारी मंडईची जत्रा बघूनच परत जाईल. तिचा आवाज इतका मोकळा होता, की त्यात काजळीला आणून ठेवायला त्यांना जागा सापडेना.

"भूमिका, खाडीत शेवाळ कोण खाते गं?" त्यांनी विचारले.

"काऊन?"

"असंच. माहिती."

बापाने आपल्या कामाबद्दल असे पहिल्यांदाच विचारले होते. भूमिका खुलून सांगू लागली. खडकांवरच्या बारीक गोगलगायी, त्या जन्मापासून निमखाऱ्यातल्याच असतात म्हणून टिकतात. झिंगे, काही जातीचे. गोड्या पाण्यातला झिंगाही मीठ हळूहळू वाढवत नेले तर कधी कधी तग धरतो. ती पुढेही बरेच बोलत होती, पण यादोरावांचे मन झिंग्यांवर थांबले होते. चूक कुठे झाली ते त्यांना उमगले होते. जीव बरोबर होते, फक्त त्यांना एकदम खारवले होते. या वेळी घाई करायची नाही.

मासळीबाजारातल्या बाईकडून त्यांनी उड्या मारणारे झिंगे निवडून घेतले. तिला वाटले, माणूस खाण्यात चोखंदळ आहे. घरी आणून त्यांनी ते एका मोठ्या गंजात, गोड्या पाण्यात ठेवले, आणि ते पितळी भांडे स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गारव्याला सरकवले. मग दिवसभर अधूनमधून जाऊन ते त्यात चिमूटभर मीठ टाकत आणि वाकून झिंग्यांची प्रकृती पाहत. झिंगे मिशा हलवत होते. संध्याकाळी कैलाशने त्यांना मंडईच्या वर्गणीसाठी बोलावून नेले. परत आले तेव्हा पाट मांडला होता.

ताटात भाताशेजारी लालसर रस्सा होता. यादोरावांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग रश्श्यातून वर आलेली एक मिशी त्यांना दिसली.

"हे कुठून आले?"

"कुठून म्हंजे? तुमीच नाही आनले?"

"सुशिला, ते टाकीसाठी होते."

सुशिलाबाईंचा हात वाढता वाढताच थांबला. "मंग मीठ कायले लावून ठेवलं? दिवसभर मुरवून राहिले होते तुमी. मले वाटलं, लेक यायच्या आधी एकदा खायाची इच्छा झाली असन."

यादोरावांनी पुढचा घास घेतला. अन्न टाकणे त्यांच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्यांनी ताट पूर्ण केले. मीठ अगदी बेताचे पडले होते. झिंगे उत्तम झाले होते, आणि त्या जेवणातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच होती.

भूमिका आली. अंगणात पिशव्या टाकून, आईच्या गळ्यात पडून ती थेट बैठकीत गेली आणि दिव्याचे बटण दाबले. यादोराव तिच्यामागे उभे होते. सरकारी तपासणीला आलेल्या साहेबांपुढे उभे राहावे तसे, हात मागे बांधून.

ती वाकून टाकीत शोधू लागली. "काजळी?"

"गेली," यादोराव म्हणाले. "माझ्यानं गेली. जास्वंदीखाली आहे."

मग त्यांनी सगळे सांगितले. सक्कर, घोंगे, झिंगे. कोणावर काही ढकलले नाही. कैलाशचे घमेले त्यांनी आपल्याच नावावर घेतले. भूमिका खुर्चीवर बसून ऐकत होती. झिंग्यांपाशी आल्यावर तिने तोंडावर हात धरला. ती रडते आहे की हसते आहे हे त्यांना कळेना. बहुधा तिलाही नीट कळत नव्हते.

"बाबूजी, यांना खायला काय देता?"

"डबा संपला. कनकी देतो थोडी."

"थोडी म्हणजे?"

"मूठ," सुशिलाबाई दारातून म्हणाल्या. "सकाळी एक, संध्याकाळी एक. कोनी पाहुने आले, मासे पाहाले उभे राहिले, की अजून एक. तू फोन ठेवला की अजून एक."

भूमिकाने डोळे मिटून घेतले. मग उघडून तिने वडिलांकडे पाहिले. "बाबूजी, शेतकऱ्यानं युरिया जास्त टाकला त काय होते?"

"धान लोळते," यादोराव सवयीने म्हणाले. "अन् धानाआधी तणच माजते. मी त सांगून सांगून..."

वाक्य तिथेच थांबले. त्यांनी हिरव्या काचेकडे पाहिले. सडलेल्या कनकीवर शेवाळाने काढलेले ते जोमदार पीक होते. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्याच्या बांधावर जे सांगितले, ते त्यांच्याच बैठकीत, त्यांच्याच हाताने, मुठीमुठीने पेरले गेले होते.

"अन् एक सांगू काय?" भूमिका हळूच म्हणाली. "शेवाळ खाणारा शोधायची गरजच नव्हती. मॉलीच शेवाळ खाते. हेच तिचं खरं खाणं आहे. त्या दिवशी फोनवर मी सांगत होती. झिंग्याच्या पुढचं तुम्ही ऐकलंच नाही."

"हेच खातात? मग खाल्लं काऊन नाही?"

"पोट भरल्यावर काच कोण चाटेल?"

भूमिकाने कनकीचा डबा उचलून फळीवर, वडिलांचा हात सहज जाणार नाही अशा जागी ठेवला. तळ साफ केला, निम्मे पाणी बदलले. आईने चाखून दिलेले पाणी तिने नळीनेही मोजले. ते जरा जास्तच खारट निघाले. "तरीच म्हणतो," यादोराव म्हणाले, "वरण एवढं खारट कसं लागते रोज." सुशिलाबाईंनी रात्रीचे वरण अळणी केले.

मासे दोन दिवस काचेशी येऊन तोंडे वासत राहिले. यादोराव तिकडे पाठ करून पेपर वाचत. तिसऱ्या दिवसापासून माशांनी नाद सोडला आणि काच चाटायला घेतली. सकाळी चाटत, दुपारी चाटत. मंडईत दंडारीचे लोकनाट्य उभे राहिले, पाहुण्यांनी घर भरले, पाहुणे टाकीपाशी उभे राहून गेले, आणि कोणीही मूठ टाकली नाही. भूमिका निघायच्या दिवशी पाणी इतके स्वच्छ होते की टाकीपलीकडचे कॅलेंडर वाचता येत होते.

या वेळी यादोराव स्टेशनवर गेले. गाडीला वेळ होता. बाकावर दोघे शेजारी बसले. काहीतरी बोलायचे त्यांनी घरून ठरवून आणले होते. मागच्या वेळच्या मोटरबद्दल, त्या वाक्याबद्दल, आणि ती तिथे सुखात आहे का याबद्दल. गाडी आली. भूमिका खिडकीशी बसली. त्यांनी गजांवर हात ठेवला.

"पाणी कधी बदलायचं म्हणालीस?"

"पंधरा दिवसांनी. निम्मं नाही, थोडंच."

"बरं."

गाडी निघाली. पंधरा दिवसांचे ते उत्तर त्यांना आधीच माहीत होते.

पुढचे रविवार फार लवकर संपू लागले.

"मासे बरे?"

"बरे आहेत."

"शेवाळ?"

"नाही. काच साफ आहे."

"बरं. आईले दे."

यादोराव दिवा लावून, मोबाइल पूर्ण टाकी दिसेल असा धरून बसत. आता लपवायला काही नव्हते आणि दाखवायलाही नव्हते. तिने विचारावे आणि आपण अडावे असे काहीच उरले नव्हते. दुपारी ते खुर्चीवर बसून माशांकडे बघत. काचेवर कुठे हिरवी छटा धरते न धरते, तोच एक मॉली येऊन ती टिपून घेई. हंगामभर ज्या जनावराच्या शोधात त्यांनी बाजार, बोडी आणि मासळीबाजार पालथा घातला, ते आता त्यांच्या डोळ्यांदेखत, पगार न घेता, नको तितके चोख काम करत होते.

"जरा दमानं खा," एकदा ते काचेला म्हणाले.

त्याच संध्याकाळी सुशिलाबाईंना फळीशी स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्या पाहायला गेल्या नाहीत.

रविवारी भूमिकाने विचारले, "शेवाळ?"

"आहे थोडं," यादोराव म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात. काही समजत नाही, कशानं आलं."

"दाखवा."

त्यांनी मोबाइल नेला. डाव्या कोपऱ्यात बोटाएवढी हिरवळ होती, आणि तिच्या खाली, दगडाच्या फटीत, तांदळाचा एक पांढरा दाणा अडकलेला होता. यादोरावांना तो तेव्हाच दिसला. मोबाइल बाजूला घ्यायला उशीर झाला होता.

पलीकडून खाडीवरचा वारा ऐकू येत होता.

"किती टाकली?" भूमिकाने विचारले.

"चिमूटभर."

"आईची चिमूट की तुमची?"

"आईची."

"बरं," ती म्हणाली. "तेवढीच टाकत जा. जास्त नोको." मग तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला, बराच वेळ बसायचे असेल तेव्हा माणूस ओढतो तसा. "आता फोन टाकीवरून काढा अन् स्वतःकडं धरा. मले तुमचं कपाळच दिसून राहते नेहमी."

यादोरावांनी मोबाइल वळवला. त्यात एक म्हातारा दिसत होता, आणि त्याला काहीतरी विचारायचे होते.

"जेवलीस का?" त्यांनी विचारले.